आर्यनला गाडी लावली, सिनेमा कुठे बघायचा?

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
आणि पालिका सभागृहातले सर्व सन्माननीय सदस्य

विषय: पेठांमध्ये पालिकेचं स्वतःचं चित्रपटगृह असण्याबाबत

स. न. वि. वि.

मंडईत आलेला माणूस फोनवर सांगत असतो, "गाडी आर्यनला लावलीये, ये तिकडं." नाहीतर, "मिनर्व्हा वरपर्यंत फुल्ल आहे, दुसरीकडं बघ." सांगणारा पंचविशीतला असतो. आर्यन आणि मिनर्व्हा या टॉकीज होत्या हे त्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असायचं काही कारणही नाही. आर्यन हे पुण्यातलं पहिलं चित्रपटगृह, बापूसाहेब पाठकांनी १९१५ साली मंडईजवळ काढलेलं. दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट गिरगावात कॉरोनेशनला लागला, त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं होत होती. आर्यन १९८३ पर्यंत चाललं आणि मग पाडलं गेलं. आज तिथे पालिकेचं वाहनतळ आहे. मिनर्व्हाच्या जागीही वाहनतळच. आता मंडईत गाडी लावायला जागा हवीच, मीही तिथंच लावतो. पण टॉकीजची जागा हाती आली की या शहराला पहिल्यांदा काय सुचतं, याचा तो दाखला गावाच्या मध्यावर उभा आहे, म्हणून सुरुवात तिथून केली.

पत्राचं निमित्त वेगळं आहे. आमच्या पेठेतली टॉकीज बंद झाली. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव घातलं की पत्र त्या एका जागेचं होतं. मग मालक किती भले किंवा किती वाईट, जागेला भाव काय आला, बिल्डर कोण, हेच बोलणं सुरू होतं. मालकांबद्दल माझी तक्रार नाही. तोट्यातला धंदा त्यांनी माझ्यासारख्यांच्या हौसेखातर जन्मभर चालवावा असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

मी अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानात नोकरी करतो. जूनमध्ये शाळांच्या पुस्तकांची झुंबड उडते तेव्हा आम्हाला चहाला फुरसत नसते, आणि बाकीचं वर्ष दुपारी दुकान थंड असतं. सिनेमाचं वेड त्या थंड दुपारींमधून लागलं. अलका, विजय, प्रभात, रतन, वसंत, श्रीकृष्ण, सगळं पायी जाण्याच्या टप्प्यात. सायकलसुद्धा लागायची नाही. शुक्रवारी पेपर आला की पहिल्यांदा जाहिरातींचं पान उघडायचं आणि बारा, तीन, सहा, नऊ यांची जुळणी लावायची. बाराचा एका ठिकाणी बघून, भजी खाऊन, तीनचा दुसऱ्या ठिकाणी गाठता येतो का? यायचा, इंटरव्हलनंतरची गाणी सोडली तर. रात्रीचा खेळ सुटला की लक्ष्मी रस्त्यावर माणसांचा लोंढा यायचा आणि सगळे जण एकमेकांना शेवट समजावून सांगत घरी जायचे.

या पेठांनी टॉकीज बंद होताना पाहिल्या नाहीत असं नाही. २०१४ च्या डिसेंबरात प्रभातचा करार संपला. १९३४ साली किबे लक्ष्मी थिएटर म्हणून उघडलेली वास्तू, प्रभात फिल्म कंपनीने चालवायला घेतली म्हणून प्रभात झालेली, ती इंदूरच्या किबे घराण्याकडे परत गेली. मराठी सिनेमाचं माहेरघर गेलं म्हणून सगळ्या पेपरांत लेख आले, शेवटच्या खेळाला जुने कलाकार आले, डोळे पुसले गेले. मग काय झालं? काही महिन्यांनी तेच दार किबे लक्ष्मी या मूळ नावाने पुन्हा उघडलं. रडायला जेवढी माणसं आली होती, तेवढी ते दार उघडल्यावर तिकीट काढायला आली का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं. मी गेलो होतो. खुर्च्या भरपूर रिकाम्या होत्या.

आमच्या टॉकीजच्या शेवटच्या दिवशी मी दिवसभर तिथेच काढला. सिनेमाचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो, म्हणून टॉकीजही गुरुवारीच बंद झाली. अलीकडे तिथे चारही खेळांना एकच सिनेमा लागत नसे. बाराला मराठी, तीनला दक्षिणेतला हिंदीत डब केलेला, सहाला आणि नऊला हिंदी. म्हणजे घरून डबा नेला तर एका जागी बसून तीन सिनेमे. सुटी टाकली आणि बसलो.

बाराच्या मराठीला आम्ही बोटांवर मोजण्याइतके होतो. दोन आज्जी तुळशीबागेच्या पिशव्या घेऊन आलेल्या. एक गृहस्थ फक्त पंख्याखाली झोपायला येतात, ते त्या दिवशीही आले आणि पाट्या पडायच्या आत झोपले. बुकिंगवाल्याने खिडकीतूनच विचारलं, "थांबता का जरा? अजून दोघंतिघं आले तर लावतो." एकपडद्यावर मराठीचा खेळ असाच चालतो. ठरावीक तिकिटं गेली नाहीत तर खेळ रद्द, पैसे परत. मल्टिप्लेक्समध्येही तेच होतं, फक्त तिथे कळवायला मोबाइलवर संदेश येतो. त्या दिवशी मात्र मालकांनी निरोप धाडला होता, कितीही असोत, लावा. सिनेमा बेताचाच होता. पण एका आज्जींना खाष्ट सासूचं काम करणारी बाई इतकी पटली, की पूर्ण वेळ त्या "अस्संच करतात मेल्या" म्हणत होत्या आणि दुसऱ्या आज्जी "हळू बोल गं" म्हणून स्वतः मोठ्याने बोलत होत्या. अप्पर स्टॉलमध्ये सिनेमा बघायचा तो हा.

तीनला स्पर्धा परीक्षांची पोरं आली. पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत बसणारी, एका खोलीत चौघं राहणारी, मेसचा डबा दोघांत खाणारी ही पोरं दर गुरुवारी-शुक्रवारी दुपारी यायची. बीड, लातूर, परभणी, सोलापूर. हीरोने एंट्री घेतली की यांची शिट्टी आणि नाणी. नाणी नंतर शोधून परत खिशात घालतात, हेही मी बघितलं आहे. त्यातल्या एकाला मी विचारलं, आता कुठे जाणार? तो म्हणाला, "कुठं नाही काका. मोबाइलवर बघायचं, कानात घालून." तीन तास शिट्ट्या मारणारा पोरगा खोलीत तिघे झोपलेत म्हणून कानात बोंडं घालून सिनेमा बघणार.

सहाच्या आधी मी वर ऑपरेटरच्या केबिनमध्ये गेलो. आमची ओळख जुनी. केबिनमध्ये दोन जुनी मशीनं अजून उभी आहेत, कारण ती जिन्यावरून उतरवायची तर भिंत फोडावी लागेल. बाजूला टेबलावर नवा प्रोजेक्टर आणि सर्व्हर. ऑपरेटरकाकांनी मला त्या जुन्या मशीनचं काम पुन्हा एकदा दाखवलं, कितव्यांदा ते देव जाणे. ३५ एमएमच्या हजार फुटांत साधारण अकरा मिनिटांचा सिनेमा मावतो. त्यामुळे दोन मशीनं लागायची, एकावर चालू असताना दुसऱ्यावर पुढचं रीळ चढवून ठेवायचं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपका दिसतो, तो तुम्हा-आम्हाला ओरखडा वाटायचा. तो खूण असतो. पहिला ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, दुसरा आला की उजेड तिकडे वळवायचा. हात चुकला की पडदा पांढरा आणि खालून आईबहिणीचा उद्धार. तुटलेली फिल्म सिमेंट लावून जोडायची, बोटांना त्याचा वास दिवसभर राहायचा. एकच प्रिंट दोन टॉकीजना असली तर तिकडून रिळाचा डबा सायकलवरून यायचा, आणि मंडईपाशी गर्दीत सायकल अडकली तर इकडे प्रेक्षकांना न्यूज रीळ दाखवून दम धरायला लावायचा.

"आता काय करता?" मी विचारलं. ते म्हणाले, "आता कीची वाट बघतो." सिनेमा हार्ड डिस्कवरून नाहीतर उपग्रहावरून येतो, सर्व्हरमध्ये बसतो, पण ठरल्या तारखेची आणि वेळेची की, म्हणजे डिजिटल किल्ली, आल्याशिवाय उघडत नाही. की वितरकाच्या माणसाने पाठवायची. कधी ती उशिरा येते, कधी चुकीच्या तारखेची येते, आणि खाली लोक ओरडत असताना ऑपरेटर फोन लावत बसतो. चाळीस वर्षं ज्यांच्या हातात सिनेमा होता, त्यांच्या हातात शेवटी एक फोन राहिला.

नऊच्या खेळाची गर्दी विचारू नका. हाऊसफुल्लचा बोर्ड माळ्यावरून काढून पुसावा लागला. टॉकीज बंद होतेय हे मोबाइलवर फिरलं होतं, त्यामुळे कोथरूड, बाणेर, वाकडहून गाड्या आल्या. सगळ्यांनी तिकीट खिडकीचा फोटो काढला, डोअरकीपरच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला, मोडकी खुर्ची, पानाच्या पिचकाऱ्यांचा कोपरा, बाल्कनीचा जिना, सगळ्याचे फोटो. सिनेमा चालू असताना निम्म्या थिएटरात मोबाइलचा उजेड. डोअरकीपर टॉर्च घेऊन नेहमीसारखा ओरडायला गेला तर एका बाईंनी त्याचाही व्हिडिओ काढला. मला त्या गर्दीचा राग आला, खोटं कशाला बोलू. ही माणसं महिन्यातून एकदा जरी आली असती तर आज फोटो काढायची वेळ आली नसती. पण राग काढून होणार काय? वाकडहून पेठेत सिनेमाला यायचं म्हणजे गाडी कुठे लावायची? आर्यनला.

आता मुद्द्याकडे येतो.

ही टॉकीज प्रेक्षक नाहीत म्हणून बंद झाली हे अर्धं खरं आहे. एकपडद्याचं गणित मुळात कसं बसतं? सहाशे-सातशे खुर्च्या, तेवढ्याला पुरेल असं वीजजोड, तेवढ्याचा मिळकतकर, अग्निशमनाचं प्रमाणपत्र, परवान्यांचं नूतनीकरण, आणि आत वीस माणसं. वितरकाचा वाटा आधी जातो, उरलेल्यात डोअरकीपरपासून झाडूवालीपर्यंत पगार. २००१ च्या सुमारास राज्याने मल्टिप्लेक्सना पहिली काही वर्षं करमणूक शुल्कात घसघशीत माफी दिली. नवा धंदा उभा राहावा म्हणून दिली, ठीक. पण शेजारची जुनी टॉकीज त्याच वर्षांत ते शुल्क पुरतं भरत होती. मल्टिप्लेक्सवाल्याने त्या माफीवर सोफे आणले आणि टॉकीजवाल्याला संडासाच्या फरश्या बदलणंही परवडेना. मग आपणच म्हणायला लागलो, तिथलं संडास बघितलंय का, बायकामाणसांना कसं न्यायचं.

शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के आहे. स्वस्त तिकिटाला ही सवलत मिळाली हे चांगलंच झालं. फक्त शंभराच्या आतलं तिकीट विकणारी खिडकी शिल्लक राहायला हवी.

त्यात राज्याचा एक दंडक आहे. टॉकीज पाडून नवं बांधायचं असेल तर मूळ आसनसंख्येच्या निदान एक तृतीयांश खुर्च्यांचं चित्रपटगृह त्या जागी ठेवायचं. हेतू उत्तम. आर्यनसारखं होऊ नये हाच. पण प्रत्यक्षात त्याने काय होतं ते पाहा. मालकाला चित्रपटगृह चालवायचं नाही, कारण चालवून हात पोळलेत. पाडून दुसरं काही बांधावं तर हा दंडक. म्हणून तो कुलूप लावून बसतो. दंडक काढा, ही मालकांच्या संघटनेची मागणी वर्षानुवर्षांची आहे. दंडक राहिला तर टॉकीज कुलूप लागून कुजते आणि दंडक गेला तर मॉल होतो. प्रेक्षकाला दोन्हीकडून काही मिळत नाही. आमच्या टॉकीजचंही हेच होईल. चार-पाच वर्षं पत्र्याचं कुंपण, वर उद्घाटनांचे फ्लेक्स, आत पिंपळ.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. ती एक तृतीयांश जागा पालिकेने घ्यावी.

मोठा लेआउट पास करताना बिल्डरकडून अॅमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठीची जागा, घ्यायची पद्धत आपल्याकडे आहेच. त्याच धर्तीवर, टॉकीजच्या जागेवर इमारत उभी राहील तेव्हा त्यातलं चित्रपटगृह बांधून पालिकेच्या ताब्यात द्यायचं, मोबदल्यात मालकाला जादा चटईक्षेत्र नाहीतर टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. सातशेची टॉकीज असेल तर सव्वादोनशेच्या थोड्या वर खुर्च्या येतात. तेवढ्या पुरे आहेत, दोन पडदे केले तरी चालतील. मालक सुटला, दंडक पाळला गेला, आणि पेठेत सिनेमा राहिला. पाडायलाच नको असेल तर आणखी सोपं: बंद पडलेली एखादी टॉकीज भाडेकराराने घ्या आणि खाली स्टॉलमध्ये तेवढ्याच खुर्च्या लावून चालवा. बाल्कनी बंद ठेवा.

पालिकेने सिनेमे का दाखवावेत, हा पहिला प्रश्न सभागृहात येणार. मग पालिका नाटकं का दाखवते? बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली, १९६८ साली रंगमंदिर उघडलं, आणि तेव्हापासून ते पालिका चालवते. कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे, आणखीही आहेत. नाटकवाल्याला परवडेल अशा भाड्यात रंगमंच मिळावा, म्हणून शहराने ते खर्चात धरलं. कोणी विचारलं नाही की नाटक हा खासगी धंदा असताना पालिकेने त्यात का पडावं. नाटकाला जे मानाचं पान मिळालं ते सिनेमाला का नाही, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. माझा तर्क असा, की नाटक हे संस्कृतीच्या खात्यात पडलं आणि सिनेमा करमणूक शुल्काच्या. ज्याच्यावर कर बसतो त्याला अनुदान कसं द्यायचं, असं कारकुनाला वाटलं असणार.

इतर राज्यांत असं वाटलेलं नाही. कोलकात्यात नंदन आहे. पश्चिम बंगाल सरकारचं चित्रपटगृह, १९८५ साली सत्यजित राय यांच्या हस्ते उघडलेलं, त्याचं बोधचिन्हही त्यांनीच काढलेलं. केरळात १९७५ पासून राज्याचं चित्रपट विकास महामंडळ आहे. त्याची तिरुवनंतपुरममध्ये कैरळी, निळा आणि श्री ही चित्रपटगृहं आहेत. तिथे रोजचे धंदेवाईक सिनेमेही लागतात आणि डिसेंबरात महोत्सवही होतो. लांब कशाला जायचं, पणजीत जुन्या मॅकिनेझ पॅलेसमध्ये गोवा मनोरंजन संस्था सिनेमे दाखवते. फाळक्यांच्या राज्यात, प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून ज्या गावात आली त्या गावात, मात्र पालिकेकडे सिनेमाचा एक पडदा नाही. प्रभातच्या स्टुडिओच्या जागी फिल्म इन्स्टिट्यूट आहे, जवळच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, दर वर्षी आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. सिनेमा शिकवायची सोय आहे, जपायची सोय आहे, आठवडाभर गळ्यात पास अडकवून रांगेत उभं राहायची सोय आहे. मंडईतल्या हमालाने आणि अभ्यासिकेतल्या पोराने सत्तर-ऐंशी रुपयांत बुधवारी दुपारी सिनेमा बघायची सोय तेवढी राहिली नाही.

तिथे काय लागेल, हेही सांगतो. मराठी सिनेमा शुक्रवारी येतो, मल्टिप्लेक्समध्ये त्याला सकाळचा नाहीतर आडवेळेचा एखादा खेळ मिळतो, सोमवारी तोही जातो. मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवावा, यावरून २०१५ मध्ये केवढं रान उठलं होतं आठवतं? शेवटी दुपारी बारा ते रात्री नऊ एवढी सगळी वेळ प्राइम टाइम ठरली आणि प्रश्न मिटला, कागदावर. पालिकेच्या पडद्यावर त्या सिनेमाला सलग दोन आठवडे एक ठरलेली वेळ द्या, शनिवार-रविवारी संध्याकाळची. लोकांच्या तोंडून सिनेमा पसरायला निदान दोन आठवडे लागतात, तेवढेच त्याला आज मिळत नाहीत. सकाळी अकराचा खेळ ज्येष्ठांसाठी, जुने सिनेमे, संग्रहालयाकडच्या दुरुस्त केलेल्या प्रती. इन्स्टिट्यूटच्या मुलांचे लघुपट महिन्यातून एकदा. बाकी सगळ्या वेळा हिंदी आणि डब केलेल्या मारधाडीला. ही शेवटची गोष्ट कृपा करून विसरू नका. पालिकेचं चित्रपटगृह म्हटलं की कोणीतरी समिती नेमेल आणि समिती फक्त दर्जेदार सिनेमे लावेल. मग तिथे समितीच येईल. तीनच्या खेळाची नाणी उधळणारी पोरं आली तरच वीजबिल निघेल, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासोबत बसून बघण्यातच गंमत आहे.

दुसरा आक्षेप मीच घेतो, म्हणजे तुमचे कष्ट वाचतील. पालिकेची नाट्यगृहं बघितली आहेत का? वातानुकूलन आणि स्वच्छतागृहं यांवरून नाटकवाले जाहीर बोलतात, पेपरांत फोटो येतात. तीच गत चित्रपटगृहाची होणार नाही कशावरून? होऊ शकते. म्हणून चालवणं खात्याकडे न ठेवता अनुभवी माणसांकडे द्यावं. आज या पेठांमध्ये बंद पडलेल्या टॉकीजचे ऑपरेटर आहेत, बुकिंगवाले आहेत, डोअरकीपर आहेत. कुणी सोसायटीवर वॉचमन आहे, कुणी झेरॉक्सच्या दुकानात बसतो. शंभर माणसांत कोणता पोरगा दारू पिऊन आलाय आणि कोणती बाई एकटी आहे म्हणून तिला कडेची खुर्ची द्यायची, हे त्यांना टॉर्च न लावता कळतं. त्यांना आधी बोलवा. संडास मात्र नवं बांधा, आणि बायकांचं आधी बांधा.

घरी सगळं दिसतं, मग कशाला हवं, असंही म्हणणारे आहेत. घर ज्यांना आहे त्यांना दिसतं.

खर्चाचं म्हणाल तर मी हिशेबनीस नाही, पण नाट्यगृहांवर पालिका जे खर्च करते त्यात एक लहान चित्रपटगृह बसवणं या शहराला जड जाऊ नये. तोटा होईल. बागांचा होतो, तलावांचा होतो, वाचनालयांचा होतो, बसचा तर केवढा होतो. तोट्यात चालणाऱ्या गोष्टींची यादी हीच तर पालिकेच्या कामांची यादी आहे.

तेव्हा विनंती अशी, की येत्या अंदाजपत्रकात एका चित्रपटगृहासाठी तरतूद धरावी. पेठांमधल्या बंद आणि बंद पडू घातलेल्या टॉकीजची पाहणी करून यादी सभागृहापुढे ठेवावी. आणि टॉकीजच्या जागेच्या पुनर्विकासाचा कोणताही प्रस्ताव बांधकाम विभागाकडे आला, की ती एक तृतीयांश जागा पालिका घेईल का, हा प्रश्न नकाशा मंजूर करायच्या आधी लेखी विचारला जावा. आमच्या टॉकीजचा नकाशा अजून दाखल झालेला नाही, मी चौकशी केली आहे. त्यामुळे वेळ आहे, पण फार नाही.

विषय ज्या दिवशी चर्चेला येईल त्या दिवशी मी दुकानातून रजा टाकून प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसेन. सोबत त्या दोन आज्जींनाही आणायचा विचार आहे. त्या गप्प बसतील याची हमी मात्र देता येत नाही.

कळावे,

आपला,
अप्पर स्टॉलमधला एक प्रेक्षक
शनिवार पेठ, पुणे